पंधरा थाऊ जागा

रविवारी सकाळी साडेसहाला मी पार्किंगमध्ये पान्हा घेऊन गाडीपाशी बसले होते, आणि गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

आदल्या रात्री घरी येताना सिग्नलला एक आवाज आला होता. टिक, टिक, टिक. बारीक आणि एकसारखा. तो आधीपासून होता की नवा, हे मला सांगता आलं नसतं. पण एकदा कानात बसला तो बसलाच. रात्री अंथरुणावर पडल्यावरही आठवत राहिला. सकाळी चहासुद्धा न घेता खाली उतरले आणि इंजिनाच्या उजव्या झाकणाचे बोल्ट एकेक करून बघायला लागले. बघायला म्हणजे आवळायला. पहिले चार जागचे हलले नाहीत. पाचवा किंचित फिरला. सापडला, असं वाटून मला बरं वाटलं. आणखी थोडा फिरवला, मग आणखी थोडा, आणि पान्ह्याला लागणारा जोर एकाएकी नाहीसाच झाला. बोल्ट नुसता गरागरा फिरू लागला. आटे गेले होते.

ज्यानं कधी हातात पान्हा धरलाय त्याला हा क्षण सांगावा लागत नाही. पोटात खड्डा पडतो. इजा झालेली असते, ती आपल्या हातानं झालेली असते, आणि पाच सेकंदांपूर्वी सगळं ठणठणीत होतं.

आवाज इंजेक्टरचा होता. माझी गाडी २०२२ सालची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०. इंजेक्टर पेट्रोलचा फवारा मारताना दर वेळी उघडतो आणि मिटतो, त्याची टिकटिक होते. पहिल्या दिवसापासून होत असणार. त्या रात्री शेजारी रिक्षा उभी नव्हती आणि रस्ता शांत होता, म्हणून ऐकू आली, इतकंच.

संध्याकाळी कोल्हापूरला आबांना, म्हणजे वडिलांना, फोन केला. "आबा, चूक करून बसलो," म्हटलं. (पुण्यात पंधरा वर्षं झाली, पण घरी बोलताना आम्हा कोल्हापूरच्या मुलींचं 'आलो-गेलो' सुटत नाही, आणि ते सुटू नये असं मला वाटतं.)

"काय गेलं?"

"उजव्या झाकणाचा बोल्ट. सहाचा."

"गळत होतं?"

"नाही."

"मग हात कशाला घातलास?"

मी काही बोलले नाही. आबाही थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असू दे. हेलिकॉइल बसतंय त्यात. चांगल्या माणसाकडनं बसवून घे. आणि बाकीच्या बोल्टांना हात लावू नको."

हेलिकॉइल म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी. आबांची सगळी हयात उद्यमनगरात लेथवर गेली. बोल्ट म्हणजे काय हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, त्यांनी शिकवलं. बोल्ट आवळतो तेव्हा आपण तो ताणत असतो. तो एक ताठ स्प्रिंगच असतो. ताणला की परत आखूड व्हायला बघतो आणि त्या ओढीनं झाकण धरून ठेवतो. ओढ पुरेशी झाली की काम संपलं. त्यापुढे प्रत्येक वळसा बोल्टाला किंवा आट्यांना खातो. सहा मिलिमीटरचा पोलादी बोल्ट अॅल्युमिनियमच्या भोकात बसवायचा असेल तर साधारण दहा न्यूटन-मीटर पुरे होतात. म्हणजे वीतभर पान्ह्याच्या टोकाला पाच किलोची पिशवी अडकवली तर पडेल तेवढा जोर. धडधाकट माणसाच्या मनगटात त्याच्या कितीतरी पट ताकद असते आणि पोलादापुढे अॅल्युमिनियम मऊ. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही हात थांबला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आबांची बुलेट १९८४ सालची. बिडाचं इंजिन, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या, आणि पहिला गिअर वर. माझं लहानपण त्या गाडीच्या टाकीवर बसून गेलं आणि रविवारच्या सकाळी तिच्या शेजारी पत्र्याच्या ट्रेमध्ये नट मोजण्यात. आबा मांडी घालून बसायचे, खाली गोणपाट, बाजूला रॉकेलची वाटी, जुन्या बनियनचे चिंधे.

त्या गाडीला हात लावावाच लागायचा, हे आधी सांगायला हवं. तिची मूळ रचना इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्ड कंपनीची, १९४८-४९च्या आसपासची. आपल्या लष्कराला सीमेवर गस्तीसाठी ती पसंत पडली, १९५५मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला गाड्या बनू लागल्या. रेडिचची मूळ कंपनी १९७०च्या सुमारास मिटली. इकडे मात्र तेच ७० मिलिमीटर बोअरचं आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचं, ३४६ सीसीचं इंजिन किरकोळ बदल होत होत नव्या शतकापर्यंत चालत राहिलं. पन्नास वर्षं एकच इंजिन. त्यामुळे बापानं शिकलेलं पोराच्या कामी यायचं, आणि गावोगावी एक तरी मिस्त्री असा असायचा की डोळे मिटून तिचं कार्ब्युरेटर उघडेल.

त्या इंजिनात ठिणगी पडायची ती पॉइंटमुळे. दोन छोटे धातूचे ठोकळे, एक स्थिर आणि एक कॅमवर, म्हणजे फिरत्या उंचवट्यावर, घासत उघडझाप करणारा. त्यांच्यातली फट पंधरा थाऊ ठेवायची, म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा, मिलिमीटरमध्ये ०.३८. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते, टाच झिजली की फट मिटत जाते, फट मिटली की ठिणगी उशिरा पडते. मग गाडी जड वाटते, चढाला मागे ओढते, तापते. हे बिघडणं नव्हतंच. ती रचनाच तशी होती, तिच्यात माणूस धरलेला होता. दर काही आठवड्यांनी कुणीतरी येईल, झाकण काढेल, फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, घालून बघेल, हे रेडिचच्या त्या लोकांनी गृहीतच धरलं होतं.

किक मारणंसुद्धा शिकावं लागायचं. हेडलाइटच्या डोक्यावरच्या अँपिअर मीटरचा काटा बघत किक हळूहळू दाबायची. पॉइंट जुळलेले असताना काटा एका बाजूला झुकतो. ते उघडले की मधोमध येतो. तिथे थांबायचं, सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर ओढायचा, किक आणखी थोडी खाली न्यायची, सोडायची, आणि मग पूर्ण वजन टाकून एकच दणका. घाई केली तर किक उलटी मारते. आबांच्या नडगीवर एक खूण आहे. ती पहिल्या वर्षाची, त्यानंतरची एकही नाही.

म्हणून लोक जेव्हा म्हणतात, जुन्या गाड्या भरवशाच्या होत्या, तेव्हा मी थबकते. आबांना एकदा हेच विचारलं होतं. ते म्हणाले, "तिचा भरवसा कसला? भरवसा माझा होता." त्या वाक्यानं माझ्या डोक्यातला मोठा गुंता सुटला. ती गाडी वाटेत थांबली तर झाडाखाली बसून चालू करता यायची. पॉइंट काळे पडले तर घासायचे, कंडेन्सर गेला तर खिशातला लावायचा, क्लचची तार तुटली तर हँडलला गुंडाळून आणलेली दुसरी घालायची. भरवसा यंत्राच्या पोटात नव्हता. तो आबांच्या बोटांत आणि सीटखालच्या कापडी पिशवीत होता.

माझ्या गाडीचं तसं नाही. त्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर लांबून बहिणी वाटतात. तोच थेंबासारखा टँक, तोच डोळ्यांवर भुवई असलेला हेडलाइट, तसेच गोल मडगार्ड. आत सगळं वेगळं. २००९मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एका खोक्यात आले तेव्हा व्हॉल्व्ह उचलणारे टॅपेटही हायड्रॉलिक झाले, म्हणजे तेलाच्या दाबानं आपली फट आपणच सांभाळू लागले, आणि रविवारचं अर्धं काम एका फटक्यात संपलं. २०२०-२१मध्ये त्याही पुढचं इंजिन आलं: ३४९ सीसी, वीस बीएचपीच्या जरा वर, कॅम डोक्यावर, आणि धक्के खाऊन टाकणारा बॅलन्सर शाफ्ट. आबांची गाडी अर्धा तास चालवली तर हात उतरल्यावरही झिणझिणत राहतात. माझ्या गाडीवर मी पुण्याहून कोल्हापूर करते आणि गेटपाशी उतरून लगेच किल्ली कुलपात घालते.

पेट्रोल किती सोडायचं हे संगणक ठरवतो. सायलेन्सरच्या तोंडाशी ऑक्सिजन सेन्सर आहे; जळलेल्या धुरात किती प्राणवायू उरला ते तो सांगतो आणि पुढच्या फवाऱ्यात दुरुस्ती होते, मिनिटाला शेकडो वेळा. आबा रविवारी करायचे तेच काम, फक्त न थांबता. भरवसा आता आत गेलाय. आणि आम्ही, म्हणजे त्या आबांची मुलं, गोणपाटावर रिकाम्या हातांनी बसलोय.

आबांसारख्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला प्रेम करायची एकच रीत ठाऊक असते, हातानं करायची. गाडी आवडते म्हणजे तिचं काहीतरी केलं पाहिजे. आणि ती तर काही मागतच नाही. तेल, चेन, टायरची हवा, ब्रेक ऑइल एवढं वेळेवर दिलं की महिनोन्महिने गप्प चालते. मग हात शिवशिवतात.

त्यात या गाड्यांचं रूपच असं की ते बोलावतं. स्कूटर बघा. सगळं प्लॅस्टिकखाली झाकलेलं. माझी मैत्रीण आठ वर्षं एकच स्कूटर चालवते, तिला कधी वाटलं नाही की आज जरा आत बघू या. क्लासिक गाडीचं सगळं उघड्यावर असतं. इंजिनाच्या पाकळ्या दिसतात, नटांची डोकी चमकतात, नळी कुठून कुठे गेली ते कळतं. चहा पिताना समोर गाडी उभी असेल तर डोळा आपोआप एखाद्या स्क्रूवर जाऊन बसतो. ती दिसण्यातली मोकळीक आपल्याला आमंत्रण वाटते.

आणि हे रूप मुद्दाम जपलेलं असतं. इंग्लंडमध्ये ट्रायम्फचा मेरिडेनचा कारखाना १९८३मध्ये बंद पडला. पुढे हिंकलीला नवी कंपनी उभी राहिली आणि तिनं २००१मध्ये बॉनव्हिल पुन्हा आणली. काही वर्षांनी तिच्यात फ्युएल इंजेक्शन आलं, तेव्हा त्यांनी इंजेक्शनच्या थ्रॉटल बॉडीला बाहेरून कार्ब्युरेटरचा आकार दिला. २०१६मध्ये इंजिन पाण्यानं थंड व्हायला लागलं, तरी पाकळ्या ठेवल्या. कावासाकीनं १९९९च्या डब्ल्यू-६५०मध्ये कॅम फिरवायला साखळीऐवजी उभा दांडा आणि तिरके गिअर घातले, आणि ते इंजिनाच्या बाजूला सगळ्यांना दिसेल असे ठेवले. आता तर ट्रायम्फच्या ४००च्या गाड्या आपल्या चाकणला बनतात. काहीजण याला फसवणूक म्हणतात. मला ती कधीच फसवणूक वाटली नाही. वाड्याचा दिंडीदरवाजा तसाच ठेवून आत नवीन नळ आणि वायरिंग करून घेणाऱ्या माणसाला आपण लबाड म्हणत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवायला लागतं की कार्ब्युरेटरसारखं दिसतं ते कार्ब्युरेटर नाही. तिथे आबांचा स्क्रू ड्रायव्हर चालणार नाही.

हे मला उशिरा कळलं. गाडी घेतल्यावर पहिल्या वर्षात मी तिला काय काय केलं ते आता सांगितलंच पाहिजे.

सुरुवात सायलेन्सरपासून. कंपनीचा सायलेन्सर काढून मोकळा लावला, कारण ठोका 'खरा' यावा. ठोका आला. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक आजी आहेत, त्या दुपारी दोनला झोपतात. मी दोनला ऑफिसातून येऊ लागले की त्यांची खिडकी लागायची. त्या कधी काही बोलल्या नाहीत. पोलीस असे सायलेन्सर काढून रस्त्यावर मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये गाडीचं मूळ रूप बदलायला बंदी आहे, हे सगळं खरं. पण मला आज जास्त आठवते ती लागणारी खिडकी.

मोकळा सायलेन्सर लावल्यावर गाडी उतारावर फटफट करू लागली. श्वास मोकळा झाला, पण संगणकाच्या डोक्यात आधीचाच हिशेब. संथ चालीत सेन्सर सांभाळून घेतो. पूर्ण पीळ दिला की संगणक सेन्सरचं ऐकत नाही, साठवलेल्या आकड्यांवर चालतो, आणि ते आकडे कंपनीच्या सायलेन्सरसाठी लिहिलेले. हवा जास्त, पेट्रोल कमी. म्हणून मी हवेचा फिल्टर बदलला, मोकळाच. म्हणजे हवा आणखी वाढवली. मग त्यावर उतारा म्हणून संगणकाला चकवणारी एक डबी लावली. अॅव्हरेज पडला, सकाळी स्टार्ट होताना गाडी चाचरायला लागली. प्रत्येक दुरुस्ती तिच्या आधीच्या दुरुस्तीची होती. मूळ गाडीत दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, हे मला दिसत नव्हतं. खाजवून खरूज काढणं याला म्हणतात.

चेनचंही तसंच. चेन सैल लोंबताना दिसली की मला ते आळशीपणाचं लक्षण वाटायचं. मी ती ताठ केली. मागचं चाक ज्या दांड्यांवर बसतं ते खड्ड्यात वरखाली होतात आणि त्या हालचालीत चेनचं अंतर वाढतं-घटतं. म्हणून तिला झोल हवाच. झोल नसेल तर प्रत्येक खड्डा गिअरबॉक्सचं बेअरिंग ओढतो. पुण्याच्या रस्त्यांवर किती वेळा ओढलं असेल, ते आज मोजवत नाही.

आणि मग दिवे. घाटात धुकं असतं म्हणून पुढे दोन जादा दिवे लावले. स्वतः लावले. हेडलाइटच्या वाटीत हात घालून इग्निशनची तार सोलली, तिला दिव्याची तार पिळली, वर चिकटपट्टी गुंडाळली. रिले नाही, वेगळा फ्यूज नाही. दिवे लखलखीत लागले आणि त्या रात्री मी खूप आनंदात होते, हेही खोटं नाही.

२०२३च्या जुलैमध्ये कोल्हापूरहून रत्नागिरीला निघाले होते. आंबा घाटात पावसाच्या सरीवर सरी, समोर दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. एका वळणावर गाडी विझली. दिवे, हॉर्न, मीटर, सगळं एकदम. पायानं ढकलत कडेला घेतली. ओल्या दरडीला पाठ लावून उभी राहिले. आबांसारखी पिशवी माझ्याकडे होती, पण तिच्यातलं काहीही त्या क्षणी उपयोगाचं वाटेना, कारण बंद का पडली हेच कळत नव्हतं. आबांना फोन लागला नाही. घाटात रेंज नसते.

अर्ध्या तासानं एक दुधाचा टेम्पो थांबला. चालवणारा तरुण होता, विशीतला. त्यानं फ्यूजची डबी उघडली, जळालेला फ्यूज वर धरून दाखवला. मग तारेचा माग काढत हेडलाइटपर्यंत आला आणि ओल्या चिकटपट्टीचा तो गोळा बोटांत धरला.

"ताई, हे कुणी जोडलं?"

"मी."

त्यानं पुढे एक शब्द काढला नाही. दोन्ही तारा सोडवल्या, मूळ तार नीट वळवून कोरड्या पट्टीनं बांधली, डबीतला जादाचा फ्यूज घातला. गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली. पैसे घेतले नाहीत. साखरप्यापर्यंत तो माझ्या मागे मागे आला, हेडलाइटचा उजेड माझ्यापुढे टाकत.

घरी आल्यावर माळ्यावरून कंपनीचा सायलेन्सर काढला. आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवला होता. तो, मूळ फिल्टर, मूळ तारा, सगळं परत लावायला दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी गाडी चालवली तेव्हा आधी वाटलं कान बंद झालेत. मग हळूहळू तो खालचा, गोल, दबका ठोका ऐकू यायला लागला. वर्षभर मी तो ऐकलाच नव्हता.

तरीही यंदा मी पाचवा बोल्ट आवळला. एकदा फटका बसला म्हणजे सवय जाते, असं होत नाही. नंतर मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, आवाजाची भीती ही मुळात न कळण्याची भीती आहे. आबांना त्यांच्या गाडीचा प्रत्येक आवाज ओळखीचा होता, म्हणून त्यांना तो सोडून देता यायचा. माझ्या गाडीत बंद केल्यावर सायलेन्सर थंड होताना टिंग-टिंग करतो, कारण तापून वाढलेला धातू आखडत असतो, पंप किल्ली फिरवल्यावर गुणगुणतो, इंजेक्टर टिकटिकतो. ओळख नसली की हे सगळे आवाज आजार वाटतात. आणि ओळख व्हायला उघडावं लागत नाही, चालवावं लागतं.

आबा उघडायच्या आधी फार ऐकायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. लहानपणी मला वाटायचं ते गाडीशी फोनवर बोलतायत. बऱ्याचदा ते नुसतंच ऐकून उठायचे आणि हात धुवायचे. माझी निराशा व्हायची. मला नट मोजायचे असायचे.

मी एकोणीस वर्षांची असताना आबा आठवडाभर पंढरपूरला गेले होते, तेव्हा मी त्यांच्या बुलेटचे टॅपेट आवळले. वाजत होते म्हणून. थंड इंजिनात पिस्टन वर आणून पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा दांडा, बोटांत फिरवून बघायचा असतो. तो मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. मी आवाज पूर्ण बंद होईपर्यंत आवळले. गाडी शांत झाली. मला अभिमान वाटला. शांत झाली याचा अर्थ व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता. मिटला की तो बसायच्या जागेला टेकतो आणि आपली उष्णता तिथे सोडतो. फट राहिली की तिच्यातून जळता वायू निसटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड खातो. वर झाकणाचा नटही मी जीव लावून आवळला, त्यानं झाकण वाकलं आणि कधी न गळणारं तेल तिथून गळायला लागलं. आबा परत आले, एक किक मारली, दुसरी मारली, आणि किक पायाखाली नेहमीपेक्षा हलकी गेल्यावर ते खाली उतरले. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी झाकण उघडलं, माझा हात धरला, माझी दोन बोटं पुशरॉडवर ठेवली.

"फिरव."

फिरला नाही.

"त्याला जागा दे," ते म्हणाले. एवढंच.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बदलावा लागला. त्याचे पैसे त्यांनी कधी सांगितले नाहीत.

आबा आता शहात्तरचे आहेत. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत, बोटांच्या टोकांना पूर्वीसारखी संवेदना नाही, असं ते म्हणतात. किक मारत नाहीत. गाडी मात्र आहे. मी गेले की अंगणात काढून एक फेरी मारते. मागच्या दिवाळीला गेले तेव्हा त्यांनी पहाटेच उठवलं. इंजिन रात्रभराचं थंड होतं, टॅपेट बघायचे तर हीच वेळ. गोणपाट त्यांनी आधीच अंथरलं होतं. ते स्वतः खुर्चीवर बसले, शाल पांघरून, आणि मी खाली.

किक हळू दाबून पिस्टन वर आणला. मधला एकच नट सोडवून झाकण उतरवलं. आत दोन पुशरॉड, तेलानं ओले, वीजेरीच्या उजेडात चमकत होते. दोन पातळ पान्हे मी मांडीशी काढून ठेवले होते.

"पुढचा फिरतोय?"

"फिरतोय."

"वर-खाली?"

"नाही."

"मागचा?"

"फिरतोय. पण जरा जड आहे, आबा."

ते काही बोलले नाहीत. माझा डावा हात पान्ह्याकडे गेला होता.

"जड म्हणजे आवळलेला, का तेलाचा जड? चार वेढे फिरव आणि सांग."

मी फिरवला. एक, दोन, तीन. चौथ्याला तो बोटांत सैलावला आणि पुढच्यासारखाच मोकळा फिरायला लागला.

"तेलाचाच होता," मी म्हटलं.

"मग झाकण लाव," आबा म्हणाले. "आणि नट बोटानं बसव. पान्हा नुसता टेकव."